पाहुण्यांचे कप

"तुला मेंढ्या चेहऱ्यावरून ओळखता येतात का?"

खरं सांगते, हा प्रश्न माझा नव्हता. शाहीननं काढला, पल्लवीनं त्यात 'चेहऱ्यावरून' घातलं, आणि विचारायचा मात्र मी, असं दोघींनी औरंगपुऱ्यातल्या आमच्या अभ्यासिकेच्या जिन्यात परस्पर ठरवून टाकलं. मी नको म्हणाले. शाहीन म्हणाली, "अगं जा ना, वो क्या खाता क्या तेरेकू? स्टेजवर तर लई हात वर करून बोलतीस!" वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझं हे असं झालंय. 'तुला नाही जमणार' अशा नजरेनं कुणी पाहिलं, की पाय आपोआप पुढं पडतात.

तर... मी पुढं गेले.

तो खिडकीशी बसायचा. नेहमी एकटा. शेजारची खुर्ची कुणी घ्यायचं नाही, कारण तिच्या पाठीवर त्याचं काळं घोंगडं टाकलेलं असायचं आणि त्याला वास यायचा. वाईट नाही — लोकरीचा, धुराचा, कुठल्या तरी लांबच्या माळाचा. मला वाटायचं, हा मुलगा येताना अख्खं रान सोबत घेऊन येतो आणि खुर्चीला टांगून ठेवतो.

त्यानं मान वर केली. डोळे... आता डोळ्यांबद्दल लिहिताना मी जरा अडखळतेय. घाई नसलेले डोळे. एवढंच लिहिते.

"येतात," तो म्हणाला. "माणसांपेक्षा लवकर."

"असं कसं?"

"मेंढरं रोज तेच तोंड घेऊन येत्यात."

जिन्यात खसखस पिकली. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या दोघी तिथं उभ्यात. एकीला सर्दी झालीय. दुसरी लोकांना पुढं ढकलती अन् स्वतः मागं राहती. असली एक प्रत्येक कळपात असती."

"आणि मी?"

हा प्रश्न मात्र माझाच होता! बाई गं... तोंडातून निसटला आणि कान गरम झाले.

त्यानं पेनाला टोपण लावलं. "तू कळप सोडून आलेली. असल्याकडं जरा जास्त लक्ष ठिवावं लागतं."

जिन्यातून शाहीनची शिट्टी आली. मी तिथंच, घोंगड्याच्या खुर्चीवर बसले. घोंगडं न सरकवता, त्यालाच टेकून.

"नाव काय तुझं?"

"मल्हारी. हसायचं असलं तर हसून घे."

"कशाला हसू? मी कस्तुरी. माझ्या नावाची अगरबत्ती मिळते, मी रडत बसते का?"

आता तो हसला. एका गालात, चोरून, परवानगी नसल्यासारखा.

"कुठली तू?"

"मुकुंदवाडी. मूळचे आम्ही बिडकीनचे."

"बिडकीनला कुणाची?"

"बद्रीनाथ आप्पासाहेबांची. का रे?"

हसू गेलं. दिवा गेल्यासारखं गेलं. त्यानं वही मिटली, घोंगडं माझ्या पाठीमागून हळूच ओढून घेतलं आणि उठला.

"मी सोनाजीचा नातू," तो म्हणाला, आणि निघून गेला.

सोनाजी. संक्रांतीपासून आमच्या घरात हे नाव रोज निघत होतं, आणि दरवेळी शिवीसारखं.

आवडा आजी म्हणजे माझ्या बाबांची चुलती. मूलबाळ नव्हतं, चुलतआजोबा कधीच गेलेले. बिडकीनच्या बाहेर, शेतातल्या घरात एकटी राहायची. संक्रांतीच्या सकाळी ती घरात मेलेली सापडली. डोक्याला मार होता. स्टूल आडवं पडलेलं, शेजारी कपाचे तुकडे. सापडली ती सोनाजी धनगराला. तो दरवर्षी तिच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायचा. काकासाहेब, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पहिल्या दिवसापासून सांगत होते, "झटापट झालीय. त्यानंच मारलं म्हातारीला, बरडासाठी!"

बरड म्हणजे ओढ्यापलीकडची खडकाळ पडीक जमीन. तिथं बाभळीशिवाय काही उगवत नव्हतं, तोवर तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग बाजूनं रुंद रस्ता आला, कारखाने आले, आणि बरडाचं सोनं झालं. सोनाजी म्हणत होता, आवडाबाईनं मला शब्द दिलेला, बरड मेंढरांच्या बसण्यासाठीच राहील. काका म्हणत होते, खुन्याच्या शब्दाला कोण विचारतो.

आणि मी त्या खुन्याच्या नातवाला मेंढ्यांचे चेहरे विचारून आले होते.

जिना उतरून धावतच त्याला गाठलं. दुचाक्यांची गर्दी, रिक्षांचे भोंगे, आणि त्यात तो घोंगडं खांद्यावर टाकून चाललेला.

"मल्हारी! थांब ना."

"कामून? अजून काही विचारायचं राहिलं मैत्रिणींचं?"

लागलं मला ते. "हा माझा आहे. तुझ्या आजोबांनी मारलं का तिला?"

तो थांबला. गर्दी आमच्या दोन्ही अंगांनी वाहत राहिली.

"नाय."

"मग कुणी?"

"ते मला ठाव असतं तर मी हितं बसून रसायनशास्त्र वाचत बसलो असतो व्हय?" आवाज फुटला त्याचा. "आज्याला रोज ठाण्यात बसवून ठेवत्यात. गावात कुणी शेतात मेंढरं बसवू देईना. खुनी म्हणत्यात. असंच राहिलं तर कळप घेऊन लांब जावं लागंल, अन् आज्याला ठाणं सुटत नाय, म्हणजे मलाच जावं लागंल. झाली बारावी!"

आवडा आजीच्या मयताच्या दिवशी मी रडले नव्हते. खूप वर्षांत गेलेच नव्हते ना तिच्याकडं. शाळा, क्लास, स्पर्धा... ते आत्ता, त्या गर्दीत, एकदम आठवलं.

"आपण शोधू," मी म्हणाले.

"काय?"

"खरं काय झालं ते. तू आणि मी."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गुप्तहेर?"

"अर्धी. अर्धा तू."

"अन् तुझ्या घरच्यांचंच काही निघालं तर?"

"निघालं तर निघालं!" मी ऐटीत म्हणाले. काका काहीतरी लपवत असतील, असं मला वाटत होतं. काका तसे आहेतच. अशी ऐट मी पुन्हा कधी करणार नाही.

रविवारी शाहीननं मला स्कूटीवरून बिडकीनला सोडलं. "रोमान्स तेरा, पेट्रोल मेरा," असं बडबडत ती फाट्यावर रसवंतीत जाऊन बसली.

रान तुरीच्या वाळल्या वासानं भरलं होतं. तूर काढून झाली होती, काड्यांचे भारे बांधाला रचलेले. मेंढ्या रस्त्याकडेला दाटीवाटीनं बसल्या होत्या, कारण आत, शेतात, कुणी घेत नव्हतं. मल्हारी त्यांच्यात उभा होता. अभ्यासिकेतला तो आणि हा... हा उंच वाटला.

"ही चंपी," तो एकीचा कान धरून म्हणाला. "ही लाजरी. अन् ही शहाणी, लई प्रश्न विचारती. कस्तुरी ठिवावं म्हणतो नाव."

"ठेव की! मी एका बोकडाचं मल्हारी ठेवते."

"मेंढ्याचं. बोकड शेळीत असतो, बाईसाहेब."

त्याची आजी म्हाळसाबाई चुलीपाशी बसली होती. माझं नाव ऐकून तिचे हात थांबले, पण उठवलं नाही तिनं मला. स्टीलच्या मोठ्या पेल्यात काळाभोर गोड चहा दिला. पेला इतका गरम, की मी ओढणीत धरला. मल्हारीनं न बोलता घोंगड्याची घडी करून पुढं केली, पेला ठेवायला. एवढंच. पण किती वेळ मी त्या घडीकडंच बघत होते.

"आवडाबाईकडं बी मी असाच पेला भरून घ्यायचो," सोनाजी आजोबा म्हणाले. वाळल्या लाकडासारखा माणूस. पटका मात्र लालभडक. रविवार म्हणून आज ठाण्यातून बोलावणं नव्हतं. "रोज सांजच्याला. दारात बसून. ती एक गोष्ट सांगायची, मी एक सांगायचो. दोघांच्या बी त्याच त्याच. आता सांज झाली की..."

आजीच्या घराच्या दाराला काकांनी तार गुंडाळून ठेवली होती. मी ती सोडली. माझंही घर आहे, मी मनाशी म्हटलं, तरी आत जाताना चोरासारखं वाटलं.

आत थंडगार होतं. चुलीजवळ, हाताशी, पेल्यांची उतरंड. आणि वर, पार आढ्याजवळच्या फळीवर, बशांची चळत आणि सोनेरी काठाचा एकच कप.

"हे बघ, इथं स्टूल पडलं होतं," मल्हारी म्हणाला. "इथं ती. अन् दुसऱ्या कपाचे तुकडे हितं. काकासाहेब म्हणत्यात, आज्या चहा पीत बसला, भांडण झालं, कप फुटला."

मी फळीकडं बघत उभी राहिले.

लहान होते तेव्हा इथं सुट्टीत यायचे. पेल्यात दूध मिळायचं. मग येणं थांबलं. नववीत एका लग्नाच्या निमित्तानं आम्ही अर्धा तास टेकलो होतो, तेव्हा आजी स्टूल घेऊन वर चढली, सोनेरी काठाचे कप काढले, पदरानं पुसले. मला कप देताना म्हणाली, "घ्या." मला 'घ्या' म्हणाली! मी घरी येताना गाडीत ते सांगून खूप हसले होते.

"मल्हारी... तुझ्या आजोबांना तिनं कधी या कपातून चहा दिला?"

"आज्याला? नाय बा. कप पाहुण्यांचे. घरच्यांना पेला."

तो बोलला आणि दोघांनीही वर, फळीवरच्या कपाकडं पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी इथं पाहुणा आला होता," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "तुझे आजोबा घरचे होते. आलं ते कुणीतरी... आमच्यातलं. पाहुणा गेल्यावर तिनं दोघांचे कप धुतले आणि परत वर ठेवायला ती स्टुलावर चढली. एक ठेवला. दुसरा ठेवताना..."

"पडली," तो म्हणाला.

कुणी मारलं नव्हतं तिला. ती तिची चांगली भांडी जागेवर ठेवत होती. पुन्हा कुणी येईल म्हणून.

मी रडले. खूप रडले. मल्हारी दोन हात लांब उभा होता आणि त्याला काय करावं कळत नव्हतं. शेवटी त्यानं पटकन खिशातून रुमाल काढला, बघितला, मळका म्हणून परत ठेवला, आणि म्हणाला, "घोंगडं आणू का?" आणि मी रडता रडता हसले.

बाहेर सोनाजी आजोबा दाराशी आले होते. आत पाऊल टाकलं नाही त्यांनी.

"आजोबा, दार उघडं होतं का त्या सकाळी?"

"बाहेरून कडी. कडीत काडी. आतली कडी मोडल्याली होती ना. वाऱ्यानं दार आपटायचं, म्हणून जो कोणी जाईल त्याला ती सांगायची, काडी लावून जा. ती स्वतः मागल्या दारानं ये-जा करायची." त्यांनी पटक्याच्या घडीत बोटं घातली. "ठाण्यात सांगितलं म्या. म्हणले, काडी काय, रानात किती पडल्यात. पटक्यात खोचल्याली, ती तशीच राहिली. घे."

तुरीची काडी होती. मधोमध मोडलेली, पण तुटू न देता. दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली, चिमट्यासारखी. कोयंड्यात घातली की आपण होऊन पडायची नाही अशी.

मी ती हातात धरली. उलटसुलट करून पाहिली, पुन्हा पाहिली.

"काय गं?" मल्हारीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "ठेवू का मी ही?"

सोनाजी आजोबा माझ्याकडं खूप वेळ बघत होते. "ठेव, लेकरा," म्हणाले. "तुझीच हाय."

आमच्या मुकुंदवाडीच्या घरात गॅलरीचं दार आहे. त्याची कडी ढिली. बाबा रोज झोपायच्या आधी खराट्याची काडी घेतात, मधोमध मोडतात, टोकं एकमेकांत अडकवतात आणि कडीत सारतात. आई कितीदा म्हणाली, सुतार बोलवा. बाबा म्हणतात, "असू दे गं, हाताला सवय आहे."

त्या संध्याकाळी मी गॅलरीच्या दारापाशी उभी राहिले. काडी काढली. दुसरी, ओढणीच्या गाठीतली, शेजारी धरली.

भोगीच्या रात्री बाबा जेवायला नव्हते. आईनं तिळाची भाकरी, भोगीची भाजी झाकून ठेवली होती. कंपनीत काम निघालं, असं बाबा म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवडा काकू गेली. बाबा खाली बसले होते, आणि मला वाटलं होतं, किती प्रेम होतं त्यांचं!

त्या रात्री बाबा त्यांच्या नेहमीच्या पेल्यात दूध पीत टीव्ही बघत होते. आई फोनवर मावशीशी बोलत होती. घरात इतके आवाज होते आणि मला एकही ऐकू येत नव्हता. पल्लवीचा मेसेज आला, 'काय झालं गं पुढं??' सोबत बरीच लाल बदामं. मी काहीच लिहिलं नाही. मल्हारीचा आला नाही. मी त्याला 'काही नाही' म्हणाले होते ना, आणि त्यानं ते ऐकून घेतलं होतं. जगात ज्याला सगळ्यात आधी सांगावंसं वाटत होतं, नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं.

मी अभ्यासिकेत जाणं टाळलं. त्याच्या शेजारची खुर्ची... कुणी बसत असेल का? बसू नये असं वाटत होतं आणि तो एकटा बसलाय हेही सोसत नव्हतं.

मग एका दुपारी काकासाहेबांचा फोन आला. बाबा गॅलरीत जाऊन बोलले, तरी मला ऐकू आलं. उद्या ठाण्यात दोघा भावांचे जबाब होते. काका सोनाजीचं नाव घेणार होते, आणि बाबांनी मान डोलवायची होती. "बरं," बाबा म्हणाले. "बरं, दादा."

त्याच वेळी मल्हारीचा मेसेज आला. 'स्टेशनवर ये. शेवटचं.'

मुकुंदवाडीचं स्टेशन म्हणजे काय, एक फलाट आणि लिंबाची झाडं. अवकाळी शिंतोडे पडत होते. तो बाकावर बसला होता, आणि घोंगडं त्यानं बाकाच्या दुसऱ्या टोकाला पसरून ठेवलं होतं, जागा कोरडी राहावी म्हणून. माझी जागा.

"उद्या निघतो," तो म्हणाला. "कळप घेऊन. गोदावरीच्या पलीकडं."

"आणि परीक्षा?"

"मेंढरांना बारावी नसती."

"हसवू नकोस मला."

"मग काय करू? रडवू?"

गाडी येऊन गेली. कुणी उतरलं नाही. पावसाचे थेंब रुळांवर पडून वाफेसारखे उडत होते.

"मल्हारी, मला तुला एक सांगायचंय. ती काडी..."

"नको सांगू."

"पण तुला माहीत नाही—"

"माहीत हाय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघतच राहिले.

"आज्याला पहिल्या दिवसापासून माहीत हाय. तुझा बाप लहानपणी सुट्टीत मेंढरांमागं फिरायचा. आज्याच्या खांद्यावर बसायचा. काडी तशी वळवायला आज्यानंच शिकवली त्याला." त्याचा आवाज अगदी हळू होता. "मी म्हणलो, मग ठाण्यात सांग ना! तर म्हणला, नाय. बद्रीनं आपण होऊन सांगावं. अन् पोरीला तिच्या बापाचं नाव आपल्या तोंडून कळू द्यायचं नाय."

"आणि तू... रविवारी मला तिथं नेलंस, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"नाय. तू गेल्यावर सांगितलं आज्यानं. तुझा चेहरा बघून मी विचारलं." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "चेहऱ्यावरून ओळखता येतं मला. सांगितलं होतं ना?"

मी नुसती घोंगड्याची कड बोटांनी चाळत राहिले. वक्तृत्वात पहिली आलेली मी!

"माझ्यासाठी तुझं घर मोडू नको, कस्तुरी. मी काय, रानात राहायची सवय हाय. पण..." तो रुळांकडं बघत होता. कान लालबुंद झाले होते. "पण त्या खुर्चीवर तू बसली होतीस ना, घोंगड्याला टेकून... त्या दिवसापासून मला रानात बी एकटं वाटायलंय. आधी नव्हतं वाटत."

एवढं बोलून तो उठला. घोंगडं उचललं, झटकलं, आणि माझ्या खांद्यांवर टाकलं. "पाऊस हाय," म्हणाला. जणू शिंतोड्यांसाठीच दिलं.

"आणि तुला?"

"मला मेंढरं हायत की. लोकरीच्या आत लोकर."

तो फलाटावरून चालत गेला आणि मागं वळला नाही. मी म्हणणार होते, मलापण... मलापण वाटतं रे तसंच. ते वाक्य माझ्याजवळच राहिलं. घोंगड्याला धुराचा वास येत होता. मी ते घट्ट ओढून घेतलं आणि तिथंच ठरवलं.

घरी आले. चहा ठेवला. बाबांचा पेला धुऊन पालथा घातलेला होता. मी तो घेतला नाही. काचेच्या कपाटातून पाहुण्यांचे कप काढले, पुसले, बशीत ठेवले.

"आज कप?" बाबा हसले. "पाहुणे येणारेत का कुणी?"

मी त्यांच्या बशीशेजारी तुरीची काडी ठेवली.

चहा बशीत सांडला. मग टेबलावर. बाबांनी कप खाली ठेवला नाही, उचललाही नाही.

"कसली गं काडी?" आईनं विचारलं. तिनं गॅलरीच्या दाराकडं पाहिलं. मग बाबांकडं. आणि ती हळूच खाली बसली.

"ती म्हणाली, भोगीची भाकरी खाऊन जा," बाबा म्हणाले. "मी म्हणालो, बरड विकायला सही देत नाहीस तर भाकरी कशाला. म्हणाली, बरड मेंढरांचं आहे बद्री, माझ्या माघारीपण मेंढरं बसतील. मी रागानं अर्धा चहा तसाच ठेवला. बाहेर पडलो, तर आतून म्हणाली... काडी लाव रे जाताना." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी लावली. मागं बघितलं नाही."

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

"लोक म्हणाले असते, जमिनीसाठी पुतण्यानंच..."

"म्हणून सोनाजी आजोबांना म्हणू दिलं?"

बाबांनी सांडलेला चहा हातानंच पुसायला घेतला.

"कस्तुरी, तू यात पडू नकोस," आई म्हणाली. मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या घोंगड्यावर गेली. "कुणाचं आहे हे? त्यांच्या पोराचं? त्याच्यासाठी करतेस हे सगळं?"

"हो," मी म्हणाले. "त्याच्यासाठी. आणि आवडा आजीसाठीपण. तिनं कप काढले आई, आपल्याच माणसासाठी तिला पाहुण्यांचे कप काढावे लागले."

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत होती आणि होत नव्हती.

मी बाबांसमोर बसले. त्यांचा हात धरावासा वाटला, धरला नाही. आधी सांगायचं होतं.

"आई, बाबा, उद्या सकाळी मी बिडकीनला जाणार आहे. ठाण्यात. कप कुणासाठी काढले होते, काडी कुणी लावली आणि बरडाबद्दल आजी काय म्हणाली, ते सांगायला. बाबा, तुम्ही सांगितलंत तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही सांगितलंत तर मी सांगेन. आणि घरी आल्यावर तुम्हाला चहा तुमच्या पेल्यातच देईन."